शेवटून पहिले

दिवसभर मिरचीच्या पथारीवर राबून आलेला माणूस घरी शिरताच आधी हात धुतो. न धुता डोळ्याला हात लावला तर पाणीच पाणी. २०१६ च्या फेब्रुवारीत आमच्या नंदुरबारच्या गल्लीतील मंडळी हात धुऊन थेट आमच्या ओट्यावर येऊन बसत, कारण दाराकडे तोंड केलेल्या टी.व्ही.वर प्रो कबड्डी लागलेली असे. गल्लीतील निम्मे लोक यू मुंबाचे. त्यांनी आदल्याच वर्षी चषक जिंकला होता. आम्ही मात्र पुणेरी पलटणचे. धाकटा भाऊ चिंचवडला कंपनीत कामाला, एवढेच काय ते पुण्याशी नाते. पण संघ आपला म्हणायला माणसाला तेवढेही पुरते.

पलटण म्हणजे त्या काळी चेष्टेचा विषय. २०१४ साली स्पर्धा सुरू झाली तेव्हा संघ आठ, आणि पलटण आठवी. २०१५ सालीही आठवी. शाळेत अशा पोराला ‘शेवटून पहिला’ म्हणतात. शेजारचे आबा ओट्यावर बसता बसता विचारीत, “आज बी हारनात का रे भो?” आम्हीही हसायचो. खरे सांगायचे तर त्या हरण्यात एक सुख होते. काही मागितलेच नाही, तर न मिळाल्याचे दुःख कसले? सात किंवा त्याहून कमी गुणांनी हरले तर हरणाऱ्यालाही तक्त्यात एक गुण मिळे. आमचा सारा आनंद त्या एका गुणाभोवती फिरत असे. तो मिळाला की आम्ही म्हणायचो, आज पोरे चांगली लढली.

तिसऱ्या हंगामात मनजीत छिल्लर पलटणमध्ये आला आणि कर्णधार झाला. हा गडी चढाईही करी आणि पकडही करी. जोडीला अजय ठाकूर आणि दीपक हुडा. सुरुवातीला आमचे मागणे एवढेच, की यंदा शेवटचा नंबर नको. सामने जिंकू लागले तसे आम्ही म्हणू लागलो, पहिल्या चारात यावे. चारात आले, तर आता चषकच हवा! उपांत्य फेरीत पाटणा पायरेट्सने हरवले त्या रात्री आमच्या घरी कोणी धड जेवले नाही. पाच आठवड्यांपूर्वी ज्यांच्याकडून काहीच मागत नव्हतो, त्यांच्यावर आम्ही रुसून बसलो होतो. पुढे बंगाल वॉरियर्सला हरवून पलटणने तिसरा नंबर घेतला आणि आबांनी गल्लीत गूळ-शेंगदाणे वाटले. त्याच वर्षी चौथ्या हंगामातही तिसराच नंबर आला. तेव्हा मात्र गूळ कोणी आणला नाही.

मधली वर्षे वर-खाली गेली. २०१९ ला बारा संघांत दहावा नंबर. २०२० ला कोरोनामुळे स्पर्धाच नाही. पुढचा हंगाम बंगळुरूला प्रेक्षकांविना झाला, आणि त्यात अस्लम इनामदार व मोहित गोयत ही कोवळी पोरे चमकली. अस्लम आपल्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला. तो चढाईला निघाला की आबासुद्धा बोलणे थांबवीत.

१७ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईत पलटण पहिल्यांदाच अंतिम सामन्यात उतरली. अस्लम आणि मोहित दोघेही जायबंदी होते. जयपूर पिंक पँथर्सने ३३-२९ असे हरवले. आम्ही रागाने टी.व्ही. बंद केला आणि बोलून गेलो, “दुसरा नंबर म्हणजे काय नंबर असतो का?”

आमची मुलगी तेव्हा नववीत होती. ती काही न बोलता उठून आत गेली. तिची आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “तिचे प्रमाणपत्र अजून दप्तरातच आहे. तुम्ही पाहिले का?”

नव्हते पाहिले. त्याच हिवाळ्यात तिच्या शाळेचा कबड्डीचा संघ तालुक्यात दुसरा आला होता. आमच्या घराण्यात मैदानावर उतरलेली ती पहिली मुलगी. पाचवीत तिने खेळायला नाव दिले तेव्हा आम्ही सांगितले होते, बाई, नुसती खेळ, हात-पाय मोडून घेऊ नकोस. आणि दुसरा नंबर घेऊन ती घरी आली तेव्हा आम्ही काय विचारले? “मग पहिले कोण आले?” पलटणशी जसे वागलो, तसेच लेकीशी वागलो होतो. पलटणच्या पोरांना आमचा राग कळण्याचा प्रश्न नव्हता. हिला तो ओट्यावरून आतपर्यंत ऐकू येत होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही प्रमाणपत्राला चौकट करून आणली. लेक दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “पप्पा, खिळा वाकडा ठोकला तुम्ही.”

दहाव्या हंगामासाठी पलटणने इराणच्या मोहम्मदरेझा शादलूईला २ कोटी ३५ लाखांना घेतले. एवढे पैसे मोजल्यावर हरायची सोय उरत नाही, असे आबांचे मत. पण आम्हाला जास्त कौतुक घरच्या पोरांचे. अस्लम आणि नाशिककडचा आकाश शिंदे, दोघेही २०२३ च्या आशियाई स्पर्धेतून सुवर्णपदक घेऊन आलेले. साखळीतील २२ सामन्यांत पलटणने १७ जिंकले, तीन बरोबरीत सुटले आणि फक्त दोन हरले. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून चषक पटकावला. पंकज मोहितेने एकाच चढाईत चार गडी बाद केले तेव्हा लेक ओट्यावरून उडी मारून गल्लीत गेली. आमचे मात्र नवल झाले. डोळे भरून यायला हवे होते, पण मनात आले ते एवढेच, की पुढच्या वर्षी हा चषक राखला पाहिजे!

पुढच्या वर्षी पलटण आठवी आली.

२०२५ चा हंगाम आला तेव्हा २०१६ चा आमचा अजय ठाकूर पलटणचा प्रशिक्षक होता. संघ पुन्हा अंतिम सामन्यात पोहोचला. ३१ ऑक्टोबरला दबंग दिल्लीने ३१-२८ असे हरवले. दिल्लीकडून खेळणाऱ्यांत फजल अत्राचली होता, २०२२ चा पलटणचाच कर्णधार. चिंचवडहून भावाचा फोन आला, “दादा, परत हरलो.” लेक आता बारावीला आहे. तिने पाय कुठे चुकला, साखळी कुठे तुटली, हे ओट्यावर खडूने रेघा मारून आम्हाला दाखविले. आम्ही निमूट ऐकत होतो. आबांना तेवढा धीर कुठला!

“फजलले कसं काय जाऊ दिधं रे भो?” ते विचारीत राहिले.