पिस्तुलाच्या नळींत शिसें कां बसतें?

पुणें-नगर रस्त्यावरील रांजणगांवचा महागणपति अष्टविनायकांपैकीं एक, हें वाचकांस ठाऊकच आहे. तेथील कथा अशी, कीं त्रिपुरासुराशीं युद्धास निघतांना श्रीशंकरांस गणेशपूजनाचा विसर पडला व त्यांस यश येईना. पुढें नारदांनीं ती चूक निदर्शनास आणली, पूजन झालें, आणि मग एकाच बाणानें तिन्ही पुरें भस्म झालीं. दोष बाणांत नव्हता कीं बाहूंत नव्हता. तो आरंभींच राहून गेला होता. ही कथा आम्हांस गेल्या वैशाखांत एका निराळ्याच निमित्तानें आठवली.

आमच्या पुतण्याचा मुलगा पुण्यास असतो. रीतसर परवाना काढून तो २५ मीटरवरील पिस्तुलाच्या नेमबाजीचा अभ्यास करतो. २०१८ सालीं पालेंबांग येथें आशियाई क्रीडास्पर्धांत कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनीं याच अंतरावर सुवर्णपदक मिळविलें, तेव्हांपासून त्याच्या मनानें हा ध्यास घेतला. सुटींत तो रांजणगांवास आला तो अगदीं खिन्न होऊन. म्हणाला, “आजोबा, माझा हात गेला. पूर्वीं पुरीएवढ्या जागेंत पडणाऱ्या गोळ्या आतां ताटाएवढ्या जागेंत विखुरतात. हा नाद आतां सोडावा म्हणतों.”

“पहिल्या गोळीपासूनच असें होतें काय?” आम्हीं विचारलें.

“नाहीं. पहिल्या दहा-पंधरा नीट जातात, मग बिघडतें. नळी साफ करून पुन्हा बसलों कीं पुन्हा दहा-पंधरा नीट.”

“अरे, मग नळी पुसल्यानें तुझा हात कसा सुधारतो, तें आधीं सांग पाहूं!”

मुलगा गप्प झाला. नंतर त्यानें पिस्तुल रिकामें असल्याची दोनदां खात्री करून घेतली, तें उघडलें, आणि आम्हीं विजेरीच्या उजेडांत नळीचें अंतरंग पाहिलें. नळीच्या मध्यापासून तोंडापर्यंत राखाडी रंगाचे चकचकीत पापुद्रे बसलेले होते. तें शिसें होतें.

नेमबाजीच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणें या स्पर्धांत शिशाची किंवा तत्सम मऊ धातूचीच गोळी चालते. म्हणून शिसें टाळतां येत नाहीं, तें नीट समजून घ्यावें लागतें. नळींत पेचदार खाचा असतात, त्यांनीं गोळीस गिरकी मिळते व ती सरळ जाते. खाचा शिशानें भरल्या कीं गिरकी बिघडते आणि नेमही बिघडतो. गोळी खाचांच्या व्यासाहून एका इंचाच्या सुमारें हजाराव्या भागानें मोठी असावी, म्हणजे ती नळींत घट्ट बसते. ती लहान असली तर दारूचा तप्त वायू तिच्या कडेनें पुढें निसटतो, तिचें शिसें झिजवितो आणि तेंच नळीस चिकटवितो. शिसें अवघ्या ३२७ अंश सेंटिग्रेडवर वितळतें, हें येथें ध्यानांत ठेवावें.

यावर पुष्कळांस वाटतें, कीं गोळी जितकी कठीण तितकी चांगली. शुद्ध शिसें नखानेंही ओरखडतें. त्यांत अँटिमनी घातली म्हणजे तें कठीण होतें, व कथील घातलें म्हणजे सांच्यांत नीट भरतें. छापखान्याचे खिळे याच त्रयीचे. लायनोटाइपच्या धातूंत सामान्यतः शंभरांत ८४ भाग शिसें, १२ अँटिमनी व ४ कथील असे. परंतु इतकी कठीण गोळी दारूच्या सौम्य जोरानें बुडाशीं फुगत नाहीं. ती व्यासानें किंचित् कमी असली, तर वायूस वाट तशीच मोकळी राहते. उलट फार मऊ गोळी वेगानें गेल्यास खाचांवरच घासली जाते. सारांश, काठिण्य हें दारूच्या जोरास साजेसें हवें.

वैद्य जसा दुखणें कोठें आहें हें आधीं विचारतो, तसें येथेंही शिसें कोठें बसलें तें पाहावें. काडतुसाच्या कोठीलगत बसलें असेल, तर बहुधा गोळीचा व्यास कमी आहे. तोंडाकडे बसलें असेल, तर बहुधा वंगण वाटेंतच संपलें. नळीभर सारखें असेल, तर आंतील खडबडीतपणा किंवा गोळीचा फार मऊपणा संशयावा. रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या चक्राचीं भोकें नळीहून अरुंद असतील, तर योग्य गोळीही तेथेंच दबून लहान होते.

मुलाच्या नळींत शिसें तोंडाकडे होतें. अर्थात् संशय वंगणावर गेला. गोळीच्या खांचेंत मेण व स्निग्ध द्रव्य यांचें मिश्रण भरलेलें असतें. काडतुसें कोठें ठेवतोस, असें विचारतां कळलें, कीं पत्र्याच्या छपराखालील खोलींत, लोखंडी कपाटांत, फाल्गुनापासून! डब्याच्या पुठ्ठ्यावर तेलकट डाग पडले होते. वंगण उन्हानें पाझरून गेलें होतें, आणि मुलगा मात्र दोन महिने आपल्या हातास बोल लावीत होता.

नळी स्वच्छ करण्याचा विधि सोपा आहे. आंत तेल सोडून रात्रभर ठेवावें. मग कांशाच्या तारेच्या कुंचल्यास शुद्ध तांब्याच्या कीसाचे चार धागे गुंडाळून, शक्य तर कोठीच्या बाजूनें, फिरवावें. पोलादी तार वापरूं नये. तांब्याच्या आवरणाची गोळी झाडून शिसें बाहेर काढण्याची युक्ति कोणी सांगेल, पण साचलेल्या नळींत दाब वाढण्याची भीति असते. पाऱ्याची जुनी युक्ति तर विषारीच. आणि परवान्यावाचून घरीं काडतुसें बनविणें हा १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वयें गुन्हा आहे, हेंही तरुणांनीं विसरूं नये.

आतां गृहिणींसाठीं दोन शब्द. आपल्या रसशास्त्रांत शिशास ‘नाग’ म्हणतात, व शोधन केल्यावांचून तें पोटांत घेणें वर्ज्य मानलें आहे. लहान मुलांच्या बुद्धीस त्याचा अपाय होतो, आणि त्याची निर्धोक मात्रा ज्ञात नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. यास्तव नळी पुसलेल्या चिंध्या अंगणांत झटकूं नयेत. त्या बंद पिशवींत बांधून ठेवाव्यात. हे काम स्वयंपाकघरापासून दूर करावें, आणि साबणानें हात धुऊन, कपडे बदलल्याखेरीज कोणीं ताटावर बसूं नये. बाहेरून आल्यावर हातपाय धुतल्याशिवाय चुलीकडे फिरकूं न देणाऱ्या आपल्या आज्या येथें खऱ्या ठरतात.

मुलानें तीं काडतुसें बाजूस सारलीं, नवीं आणून तीं परवान्यांतील नियमांप्रमाणें थंड जागीं कुलपांत ठेवलीं, आणि नळी धुऊन पुन्हा सरावास आरंभ केला. पाऊस लागल्यावर एके सायंकाळीं त्याचा दूरध्वनि आला. “आजोबा, चाळीस गोळ्या झाल्या,” तो म्हणाला, “अजून पुरीच आहे.”