घर आपले, जमीन दुसऱ्याची : म्हातारपणी फ्लॅट निवडताना

मागच्या व्याख्यानात आपण ‘स्वत्व’ म्हणजे मालकी या कल्पनेवर बोललो. शेवटी एका श्रोत्याने विचारले, “सर, हे सगळं ठीक आहे, पण याचा आमच्या रोजच्या व्यवहाराशी संबंध काय?” त्या दिवशी आम्ही वेळ मारून नेली. आज उत्तर देतो. हे उत्तर पुस्तकातले नाही, आमच्या घरातले आहे.

इथे देवरीत आमचे घर आहे ते १९८४ सालचे. कौलारू, चार खोल्या, मागे सांदवाडी, तिच्यात सीताफळ आणि दोन लिंबं. विटा आमच्या, लाकूड आमचे, कर्जही आम्हीच फेडले. जमीन मात्र भाडेपट्ट्याची. पट्ट्याची मुदत संपली आणि मूळ मालकांच्या वारसांना आता जमीन हवी आहे. ते भले लोक आहेत, त्यांनी वर्षभराचा अवधी दिला. त्यांच्यावर आमचा राग नाही. पण पंच्याहत्तरीला आलेल्या माणसाला घर सोडायचे म्हटले की पोटात गोळा येतो, हे खरे.

आता गंमत बघा. घर आमचे, मग ते आमच्याकडून जाते कसे? १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ प्रमाणे, करारात वेगळे ठरलेले नसेल तर पट्टेदाराला आपण बांधलेले काढून नेता येते. जमीन मात्र घेतली होती त्या स्थितीत परत द्यायची. म्हणजे कायदा म्हणतो, घर तुमचेच, घेऊन जा! कौले नेता येतील, दारे-खिडक्या नेता येतील. भिंत कशी नेणार? अमेरिकेत ‘मोबाइल होम’च्या वसाहती असतात. घर स्वतःच्या मालकीचे, नावाला चाकांवरचे, आणि खालची जागा महिन्याच्या भाड्याने. एकदा बसवलेले घर हलवायला इतका खर्च येतो की ते बहुधा जागचे हलतच नाही. जागेच्या मालकाने वसाहत विकली की रहिवासी आमच्यासारखेच उघड्यावर. विदर्भात नझूलच्या जागेवर राहणाऱ्यांना हे दुखणे नवीन नाही. मुदत, भुईभाडे, नूतनीकरण हे शब्द त्यांना पाठ असतात.

नव्यन्यायातल्या रघुनाथ शिरोमणींनी स्वत्व हा एक स्वतंत्र पदार्थच मानला. मिताक्षराकार विज्ञानेश्वरांचे म्हणणे असे की स्वत्व लौकिक आहे, लोकव्यवहारातून सिद्ध होते. आमच्या कामाचे ते एवढेच : मालकी विटेत नसते, ती माणसामाणसांत मान्य झालेली गोष्ट असते. म्हणून फ्लॅट बघताना भिंती शेवटी बघायच्या, आधी ही मान्यता कुणाकुणाची आहे ते बघायचे.

मग फ्लॅट घेतो तेव्हा आपण नेमके घेतो काय? परदेशात ज्याला कॉन्डोमिनियम म्हणतात, त्या शब्दाचा अर्थच मुळी ‘सहस्वामित्व’. आपल्याकडे याचे दोन मुख्य मार्ग आहेत.

पहिला, १९७० चा महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायदा. यात फ्लॅट तुमच्या नावाचा, आणि जमीन, जिना, गच्ची यांत तुमचा अविभक्त हिस्सा. तो हिस्सा किती टक्के, हे नोंदणी झालेल्या घोषणापत्रात लिहिलेले असते, आणि मताचे वजनही त्या टक्क्यांप्रमाणे. दुसरा मार्ग सहकारी गृहनिर्माण संस्थेचा, १९६० च्या सहकार कायद्याखालचा. तिथे अभिहस्तांतरण झाले की जमीन आणि इमारत संस्थेच्या नावावर येते, तुमच्याकडे भागपत्र आणि राहण्याचा हक्क. मत मात्र फ्लॅट लहान असो की मोठा, एका सभासदाला एकच. चांगले कोणते, असे लोक आम्हाला विचारतात. आम्ही म्हणतो, आधी आपण कशात शिरतो आहोत ते तर कळू द्या! घेणाऱ्यांपैकी पुष्कळांना हेच ठाऊक नसते.

आठ महिने आम्ही गोंदिया आणि नागपूर पालथे घातले. त्यातून तीन प्रश्न हाती लागले, ते सांगतो.

पहिला प्रश्न : इमारतीखालची जमीन कुणाची? आखीव पत्रिका मागायची, भोगवटादाराचे नाव वाचायचे. नागपुरात आम्हाला एक फ्लॅट फार आवडला. उजेड, वारा, खाली औषधांचे दुकान. आखीव पत्रिका बघितली तर जमीन भाडेपट्ट्याची! सगळ्या पट्ट्याच्या जमिनी वाईट असतात असे नाही, बरं का. नागपूर सुधार प्रन्यासाचे कितीतरी भूखंड पट्ट्याचेच आहेत आणि लोक तिथे सुखाने राहतात. शासनाने २०१९ मध्ये पट्ट्याच्या जमिनी भोगवटादार वर्ग १ करण्याचे नियमही केले. पण मुदत किती उरली, नूतनीकरणाचा खर्च कुणावर, विक्रीला परवानगी लागते का, हे लेखी कळल्याशिवाय पुढे जायचे नाही. आणि संस्था असेल तर एक जादा प्रश्न : अभिहस्तांतरण झाले का? बांधकाम करणाऱ्याने ते करून दिले नसेल तर संस्थेला ‘मानीव अभिहस्तांतरण’ मागता येते. ते झालेले नसेल तर इमारत एकाची, जमीन दुसऱ्याची. म्हणजे आमचे देवरीचेच घर, फक्त तिसऱ्या मजल्यावर.

दुसरा प्रश्न : सामाईक पेटीत किती पैसे आहेत? अ‍ॅरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’मध्ये म्हटले आहे की जे पुष्कळांचे असते, त्याची काळजी सगळ्यांत कमी घेतली जाते. फ्लॅटचा जिना बघितला की हे कळते. आदर्श उपविधींप्रमाणे संस्थेने दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड किमान ०.२५ टक्के जमवायचा असतो. फ्लॅटचा बांधकाम खर्च २० लाख धरला तर अनुक्रमे १५,००० आणि ५,००० रुपये, म्हणजे महिन्याला साधारण १,६७० रुपये. सेवाशुल्क, पाणी, लिफ्ट त्याच्या वर. निवृत्तिवेतनातून हे निघेल का, हे आधी कागदावर मांडायचे. “आमच्याकडे मेंटेनन्स फक्त पाचशे” असे कुणी अभिमानाने सांगितले की आम्ही सावध होतो. आज स्वस्त दिसते ती उद्याची गळकी गच्ची असते. गेल्या तीन वर्षांचे ताळेबंद आणि सभेचे इतिवृत्त मागा. भांडणे असतील तर ती त्यातच सापडतात.

तिसरा प्रश्न : दहा वर्षांनी आम्ही कसे असू? आमच्या सौ. गुडघ्यांनी त्रस्त. एका ठिकाणी आम्ही चटई क्षेत्र मोजत होतो. २०१६ च्या रेरा कायद्यात त्याची व्याख्या आहे, आतल्या भिंती धरायच्या, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी वगळायच्या, वगैरे आम्ही समजावत होतो. सौ. म्हणाल्या, “अहो, क्षेत्र राहू द्या. लिफ्ट बंद पडली तर मी दवाखान्यात कशी जाणार ते सांगा.” आमच्या सगळ्या मीमांसेवर हा एक प्रश्न भारी पडला. त्या दिवसापासून आम्ही प्रत्येक इमारतीत आधी जिना चढून बघितला. पायरी केवढी, कठडा आहे का, स्ट्रेचर वळेल का.

एक चूकही सांगितली पाहिजे, कारण तुमची टळावी. एका ठिकाणी घाईने आम्ही २१,००० रुपये बयाणा दिला. नंतर कळले, इमारतीला भोगवटा प्रमाणपत्रच नाही. पैसे अजून परत आलेले नाहीत. तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक चाळीस वर्षे ‘प्रमाण काय?’ विचारत आला, आणि नेमका जिथे विचारायचे तिथे विसरला! नवी इमारत असेल आणि आठांहून जास्त फ्लॅट आणि ५०० चौरस मीटरहून मोठी जमीन असेल तर महारेराची नोंदणी बघा. नोंदणीकृत करार होण्याआधी १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. आणि उघड्या किंवा स्टिल्टच्या पार्किंगचे वेगळे पैसे कुणी मागितले तर २०१० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आठवा. ती जागा सामाईक आहे, बिल्डरला ती फ्लॅटसारखी विकता येत नाही.

शेवटी आम्ही गोंदियाचा फ्लॅट ठरवला. बारा फ्लॅटची जुनी संस्था, पहिला मजला, लिफ्ट आहे आणि नसली तरी सोळाच पायऱ्या. अभिहस्तांतरण झालेले. रंग उडालेला, पण ताळेबंद स्वच्छ. चिरंजीवांचे मत नागपूरच्या बाजूने होते. “बाबा, तिथे मोठी हॉस्पिटलं आहेत,” हे त्यांचे म्हणणे चूक नाही. पण गोंदियाला २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि देवरीहून कुणी भेटायला निघाला तर आमगावमार्गे दुपारच्या जेवणाला पोचतो. म्हातारपणी भेटायला येणारी माणसे हाही एक निधीच असतो, तो ताळेबंदात दिसत नाही एवढेच.

सांदवाडी जाणार, याचे दुःख आहे. सीताफळाला कलम १०८ लागू करायला आम्ही धजलो नाही. ते झाड जमिनीच्या मालकांनाच राहू दे. त्या घरात आम्ही एकटे राजे होतो, फक्त राज्य दुसऱ्याच्या जमिनीवर होते. नव्या घरात बाराजणांतले एक असू. तिथे खिळा ठोकायचा तर भिंत आमची, पण गच्चीवर पापड वाळवायचे तर शेजाऱ्यांना सांगावे लागेल. मालकी कमी झाली की वाढली? आमचे उत्तर असे, की ती आता मुदतीची राहिली नाही, वाटून घेतलेली झाली. वाटून घेतलेले सांभाळायचे तर सभेला जावे लागते. पुढच्या महिन्यातल्या सर्वसाधारण सभेला जायचे आम्ही ठरवले आहे, गुडघे काहीही म्हणोत.

आता तुमचे प्रश्न घेऊ. आणि कुणाच्या पिशवीत एखादी आखीव पत्रिका असेल, तर चहाच्या वेळी काढा. आपण मिळून वाचू.