काळ्या मुलांची चित्रपुस्तके आणि ग्रंथपाल

अमेरिकेतील काळ्या लोकांच्या साहित्याशी आपले नाते नवे नाही. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा नावातूनच ते जाहीर झाले. रिचर्ड राईट, जेम्स बॉल्डविन, लँग्स्टन ह्यूज ही नावे आपल्या परिसंवादांत वारंवार येतात. परंतु मूल अजून वाचू लागलेले नसते, नुसते चित्र पाहत असते, त्या वयाच्या पुस्तकांसाठी तिथल्या काळ्या ग्रंथपालांनी आणि शिक्षकांनी जी लढाई दिली, तिची चर्चा आपल्याकडे क्वचितच होते.

मीही या विषयाकडे उशिराच वळलो. माझ्या शाळेत पुस्तकांचे कपाट मुख्याध्यापकांच्या खोलीत होते आणि त्याला कुलूप होते. चित्रांचे पुस्तक म्हणजे पहिलीचे वाचनपाठ, एवढेच मला ठाऊक. त्यातली आई नीटनेटक्या स्वयंपाकघरात बसलेली असे. माझी आई त्या वेळी दुसऱ्याच्या शेतात असे. चित्रातली आई खोटी आहे असे मला कधी वाटले नाही. आपलीच आई पुस्तकात येण्याजोगी नाही, असे वाटले.

अमेरिकेत चित्रपुस्तकाला मिळणारा सर्वांत मोठा मान म्हणजे कॅल्डेकॉट पदक. ते १९३८ पासून दिले जाते. ते सुचविणारा फ्रेडरिक मेल्चर हा पुस्तकव्यवसायातला माणूस; पण निवड मात्र त्याने प्रकाशकांकडे किंवा समीक्षकांकडे न देता बालविभागाच्या ग्रंथपालांकडे सोपविली. कोणते पुस्तक मूल पुन्हा मागायला येते आणि कोणते अर्ध्यावर टाकून जाते, हे रोज तेच पाहत असतात. आज अमेरिकन ग्रंथालय संघटनेच्या बालविभागाची पंधरा जणांची समिती हे काम करते. तीत ग्रंथपालांबरोबर शिक्षक आणि बालसाहित्याचे प्राध्यापकही असतात. काही निवडून येतात, काही नेमले जातात. वर्षभरात निघालेली शेकडो पुस्तके ते वाचतात, मुलांना वाचून दाखवतात, आपली शिफारस कारणांसह लेखी देतात. मग बंद दाराआड चर्चा. प्रत्येकाने तीन पुस्तकांना पसंतीक्रम द्यायचा : पहिल्याला चार गुण, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला दोन. पदक मिळायला निदान आठ जणांची पहिली पसंती हवी आणि दुसऱ्या क्रमांकाच्या पुस्तकावर आठ गुणांची आघाडी हवी. तसे झाले नाही तर पुन्हा चर्चा, पुन्हा मतदान. चर्चेतले काहीही बाहेर सांगायचे नाही. ज्याला पदक मिळाले ते पुस्तक देशभरातली ग्रंथालये आणि शाळा विकत घेतात, आणि ते वर्षानुवर्षे छापले जात राहते.

पद्धत काटेकोर आहे. तरीही १९६९ पर्यंत हे पदक, आणि त्याच्याही आधीचे १९२२ पासूनचे न्यूबेरी पदक, एकाही काळ्या लेखकाला किंवा चित्रकाराला मिळालेले नव्हते. नियमांत कुठेही वर्णाचा उल्लेख नव्हता. तिथे फक्त ‘उत्कृष्टता’ होती. ‘गुणवत्ता’ हा शब्द आपल्याविरुद्ध कसा वापरला जातो हे राखीव जागांच्या वादात आपण पुरेसे ऐकले आहे. त्यामुळे हे मला निराळे समजावून सांगायला नको.

नॅन्सी लॅरिक या गोऱ्या शिक्षणतज्ज्ञ बाईने १९६५ साली एक साधी गोष्ट केली. तिने मोजले. १९६२ ते १९६४ या तीन वर्षांतल्या ५,२०६ बालपुस्तकांपैकी जेमतेम ३४९ पुस्तकांत, म्हणजे शंभरात सात पुस्तकांतसुद्धा नाही, एखादे काळे माणूस होते. १९६३ चे कॅल्डेकॉट एझ्रा जॅक कीट्सच्या ‘द स्नोई डे’ला मिळाले होते. बर्फात खेळणारा काळा मुलगा त्याचा नायक. चित्रकार पोलंडहून आलेल्या गरीब ज्यू कुटुंबातला. लॅरिकने त्यातल्या आईच्या चित्रावरही आक्षेप घेतला : गोऱ्यांच्या घरी राबणाऱ्या लठ्ठ काळ्या दाईचा ठरीव साचा तिला तिथे दिसला. मला हा आक्षेप थोडा कठोर वाटतो, कारण त्या मुलाचा आनंद खरा आहे. पण आईचे चित्र तपासायला हवे, हे तिचे म्हणणे मी नाकारू शकत नाही.

तिच्याही आधी हे काम काळ्या ग्रंथपाल स्त्रियांनी सुरू केले होते. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतल्या ग्रंथालयात ऑगस्टा बेकर १९३९ च्या सुमारास काळ्या मुलांसाठी पुस्तके निवडून वेगळा संग्रह उभा करू लागल्या. शिकागोच्या शार्लेमे रोलिन्स यांनी तयार केलेली निवडक पुस्तकांची यादी १९४१ साली इंग्रजीच्या शिक्षकांच्या राष्ट्रीय परिषदेने छापली. काळ्या माणसाला विदूषक करणारी चित्रे, त्याच्या तोंडी घातलेली मोडकीतोडकी भाषा, या गोष्टी त्यांनी एकेक करून बाजूला काढल्या. ‘लिटल ब्लॅक सॅम्बो’ हे त्यांतले गाजलेले उदाहरण. ते १८९९ चे, आणि लिहिणारी मद्रास प्रांतात राहिलेली स्कॉटिश बाई. म्हणून गोष्टीत वाघ आहेत आणि वाघांचे तूपही होते. काळ्या मुलाचे व्यंगचित्र जगभर पोचविणाऱ्या पुस्तकाचे मूळ असे आपल्याच देशात निघावे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

१९६९ साली अटलांटिक सिटीत ग्रंथालय संघटनेचे अधिवेशन भरले होते. मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून होऊन वर्ष उलटले होते. एका प्रकाशकाच्या टेबलापाशी ग्लिंडन ग्रीअर आणि मेबल मॅकिसिक या दोन काळ्या शालेय ग्रंथपाल किंग यांच्या एका चित्रफलकासाठी एकाच वेळी पुढे झाल्या. बोलता बोलता पदकांचा विषय निघाला. टेबलामागचे जॉन कॅरल म्हणाले, मग तुम्हीच एक का काढत नाही? १९७० साली कोरेटा स्कॉट किंग यांच्या नावाचा पहिला पुरस्कार लिली पॅटरसन यांच्या किंगचरित्राला दिला गेला. त्या स्वतःही शालेय ग्रंथपालच. १९७४ पासून चित्रकारालाही पुरस्कार सुरू झाला. पहिले मानकरी जॉर्ज फोर्ड. मोठ्या संघटनेने या पुरस्काराला अधिकृत मान्यता दिली ती १९८२ साली. मान्यतेची वाट पाहत त्या बसल्या असत्या तर बारा वर्षे पुरस्कारच नसता.

पुरस्काराने सगळे साधले असे नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या बालपुस्तक केंद्राच्या संचालक जिनी मूर क्रूस या पुरस्काराच्या समितीवर होत्या. १९८५ सालच्या सुमारे २,५०० बालपुस्तकांपैकी काळ्या लेखक-चित्रकारांची पुस्तके किती, हे त्यांनी पाहिले. ती अठरा निघाली. समितीने निवडायचे तरी कशातून? त्या केंद्राने तेव्हापासून दरवर्षी मोजणी चालू ठेवली. कॅल्डेकॉटही बदलले, पण फार सावकाश. १९७६ साली लिओ डिलन यांना ते पत्नी डायान यांच्यासह मिळाले; एकट्या काळ्या चित्रकाराला मिळायला २०१० उजाडले. ते जेरी पिंकनी.

कॅल्डेकॉटच्या नियमांत एक वाक्य असे आहे की हे पदक बोधासाठी नाही आणि लोकप्रियतेसाठीही नाही. आपल्या मंडळींना हे टोचेल. आपणही मुलांसाठी लिहितो तेव्हा बाबासाहेबांचे चरित्र तारखांसह सांगून मोकळे होतो. ते हवेच. पण आपल्या वस्तीतली एखादी मुलगी पावसात नुसती भिजते आहे, तिला काहीही सिद्ध करायचे नाही, असे पुस्तक आपण कधी करणार? दुर्गाबाई व्याम यांनी चित्रे काढलेले कांचा इलैया यांचे श्रमाविषयीचे पुस्तक २००७ साली आले, ‘भीमायन’ २०११ साली आले. दोन्ही मूळ इंग्रजीत. साहित्य अकादमी २०१० पासून बालसाहित्य पुरस्कार देते, तो लेखनाला. चित्र हा त्याचा विषय नव्हे.

गेल्या वर्षी माझ्या दोन विद्यार्थिनींना मी गावातल्या ग्रंथालयाचा बालविभाग मोजायला पाठविले. वहीत चार रकाने आहेत : पुस्तकाचे नाव, चित्रात कोण आहे, तो काय काम करतो आहे, त्याला नाव दिले आहे की नाही. चौथा रकाना मुलींनी स्वतः घातला. माझ्या लक्षात तो आला नव्हता. ग्रंथपालबाई सुरुवातीला कपाटाची किल्ली द्यायला कां-कू करीत होत्या. आता मुली आल्या नाहीत त्या दिवशी वहीत त्याच नोंदी करतात, आणि नवी पुस्तके आली की खरेदीची यादी आम्हाला आधी दाखवतात.