इंग्रजीतील कारणदर्शक शब्दांचे उपयोजन : मराठी भाषक विद्यार्थ्यांच्या संदर्भात

प्रस्तावना :
कार्यकारणभाव व्यक्त करणे ही कोणत्याही ज्ञानशाखेतील लेखनाची मूलभूत गरज आहे. प्रयोगाचा निष्कर्ष असो वा ऐतिहासिक घटनेची मीमांसा, कारण नेमकेपणाने सांगता आले नाही तर आशयच संदिग्ध होतो. मराठी भाषक विद्यार्थ्यांच्या इंग्रजी लेखनात या बाबतीत आढळणाऱ्या अनेक चुका निष्काळजीपणाच्या नसून मातृभाषेच्या रचनेतून आलेल्या असतात. प्रस्तुत लेखात त्यांपैकी प्रमुख चुकांचा विचार केला आहे.

'मुळे' आणि 'बिकॉज' :
मराठीत 'पावसामुळे सामना रद्द झाला' आणि 'पाऊस पडल्यामुळे सामना रद्द झाला' या दोन्ही वाक्यांत 'मुळे' हे एकच शब्दयोगी अव्यय चालते. इंग्रजीत मात्र येथे दोन वाटा होतात. पुढे केवळ नाम असल्यास 'बिकॉज ऑफ रेन' आणि कर्ता-क्रियापद असलेले उपवाक्य असल्यास 'बिकॉज इट रेन्ड' अशी योजना करावी लागते. हा भेद लक्षात न आल्याने 'बिकॉज ऑफ इट रेन्ड' अशी सदोष रचना होते.

तसेच मराठीत पूर्णविरामानंतर 'कारण' या शब्दाने नवे वाक्य सहज सुरू होते. औपचारिक इंग्रजीत 'बिकॉज'चे उपवाक्य प्रधान वाक्यापासून तोडून स्वतंत्र लिहिणे अपूर्ण वाक्य मानले जाते. मात्र पुढे प्रधान वाक्य येत असेल, तर 'बिकॉज'ने वाक्याचा आरंभ करण्यास प्रत्यवाय नाही.

दुहेरी योजना :
'ज्याअर्थी... त्याअर्थी' या जोडरचनेची सवय असल्याने विद्यार्थी 'सिन्स' किंवा 'ॲज'ने आरंभ करून पुढे 'सो' अथवा 'देअरफोर' जोडतात. इंग्रजीत यांपैकी एकच शब्द पुरेसा असतो. 'द रीझन इज बिकॉज' या रचनेतही कारण दोनदा सांगितले जाते. म्हणून औपचारिक लेखनात 'द रीझन इज दॅट' ही रचना स्वीकारावी. ती मराठीतील 'याचे कारण असे की' या रचनेशी जुळते.

अर्थभेद :
मराठीतील 'कारण' या नामात 'कॉज' व 'रीझन' हे दोन्ही अर्थ सामावतात. आग लागण्यामागील घटक हा 'कॉज ऑफ द फायर', तर नोकरी सोडण्यामागील विचार हा 'रीझन फॉर लीव्हिंग' होय. 'म्हणून' हे अव्ययही परिणामबोधक आणि उद्देशबोधक असे दुहेरी आहे. 'पाऊस आला म्हणून थांबलो' येथे 'सो', तर 'पीक वाचावे म्हणून पाणी दिले' येथे 'सो दॅट' योजावे लागते.

नकारार्थी वाक्यात विशेष दक्षता हवी. 'ही डिड नॉट रिझाइन बिकॉज ही वॉज इल' या वाक्याचे दोन अर्थ संभवतात : आजारी असल्यामुळे त्याने राजीनामा दिला नाही, किंवा राजीनामा दिला, परंतु आजारपणामुळे नव्हे. पहिला अर्थ अभिप्रेत असल्यास 'बिकॉज'चे उपवाक्य आरंभी ठेवल्याने संदिग्धता टळते.

'ड्यू टू'चा प्रश्न :
'द डिले वॉज ड्यू टू रेन' ही रचना निर्विवाद आहे. क्रियाविशेषणासारखा 'ड्यू टू'चा वापर फाउलर यांनी १९२६ च्या आपल्या कोशात आक्षेपार्ह ठरवला होता. आज तो प्रमाण इंग्रजीत रूढ आहे. तथापि जुन्या संकेतानुसार लिहावयाचे असल्यास तेथे 'ओइंग टू' अथवा 'बिकॉज ऑफ' वापरावे.

समारोप :
वरील विवेचनावरून असे दिसते की, केवळ शब्दांची यादी पाठ करून घेतल्याने या चुका दूर होणार नाहीत. 'मुळे', 'कारण' आणि 'म्हणून' या तीन शब्दांचे मराठीतील कार्य प्रथम स्पष्ट करून मग इंग्रजी रचनेकडे वळल्यास विद्यार्थ्यास चुकीचे मूळ उमगते. चूक कोठून आली हे कळले, तर ती टाळणे त्याच्या आवाक्यात येते. या दृष्टीने इंग्रजीच्या वर्गात मातृभाषेचे व्याकरण हा अडथळा न ठरता अध्यापनाचे प्रभावी साधन ठरू शकते.