शिक्षा आणि सोबत

पहिल्याच चोरीत सापडलेल्या विशीतल्या पोराला न्यायाधीशांनी तुरुंगात न धाडता घरी जाऊ दिले, की ‘सुटला लेकाचा!’ असे म्हणून आपण मोकळे होतो. वस्तुतः तो सुटलेला नसतो. तीन वर्षांपर्यंत नीट वागण्याचा मुचलका त्याने लिहून दिलेला असतो. तो मोडला तर मूळ गुन्ह्याची शिक्षा पुढे उभीच असते.

या पद्धतीचा आरंभ एका चांभाराने केला, हे ऐकून वाचकांस नवल वाटेल. अमेरिकेतील बोस्टन शहरी जॉन ऑगस्टस हा जोडे बनवणारा गृहस्थ १८४१ साली एका दारुड्याला जामीन राहिला. १८४७ मध्ये त्याने ७ ते १५ वर्षांची १९ मुले अशीच सोडवली आणि महिनोन्‌महिने कोर्टात जाऊन त्यांची हकीकत सांगितली. जामीन राहण्यापूर्वी तो चौकशी करी: वय काय, पूर्वीचे वर्तन कसे, पुढे संगत कोणाची?

आपल्या १९५८ च्या परिवीक्षा कायद्याचा रोखही तोच आहे. २१ वर्षांखालील गुन्हेगाराला कैद देण्यापूर्वी न्यायालयाने परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा, आणि तरीही कैदच दिली तर कारणे नोंदवावीत. जन्मठेपेच्या गुन्ह्यांना मात्र ही सवलत नाही. १८ वर्षांखालील मुलांसाठी २०१५ चा बालन्याय कायदा निराळा आहे.

कोण सावरतो? पहिलाच गुन्हा, घरचा आधार, हाताला काम असलेला मुलगा बहुधा सावरतो. लहानपणीच वाट चुकलेला, शाळा सुटलेला, वारंवार पकडला गेलेला घसरण्याचा धोका अधिक. तथापि वय वाढले की बहुतेक पोरे आपण होऊन हा मार्ग सोडतात. ती मधली वर्षे निभावून नेणे, हेच खरे काम. तुरुंगात त्याच वर्षांत मुरलेल्या गुन्हेगारांची तालीम मिळते.

पण देखरेख म्हणजे महिन्याची एक सही, एवढेच उरले तर मुलगा एकटाच पडतो. गाण्याच्या वर्गातून बेसूर मुलाला उठवणे सोपे. जवळ बसून त्याच्याकडून षड्ज लावून घेणे कष्टाचे. आम्हां शिक्षकांना ते रोज करावे लागते.

विशेष प्रसंगी न्यायालयाला योग्य वाटणाऱ्या कोणाही व्यक्तीकडे हे काम सोपवण्याची सोय कायद्यात आहे. ऑगस्टसजवळ तरी कुठे हुद्दा होता? जोड्यांचे दुकान होते, आणि मुलांसाठी वेळ होता.