एकच वर्ग, निरनिराळी मुले

तिसरीच्या वर्गात भाषेचा पाठ चालू आहे. गुरुजी एक वाक्य वाचतात, मुले ते मागून म्हणतात आणि दुरून ऐकणाऱ्यास सारा वर्ग वाचीत आहे असेच वाटते. परंतु भिंतीकडेच्या रांगेतील चार मुलांची पुस्तके उघडी असली तरी त्यांची नजर अक्षरांवर नाही. पहिल्याला फळा नीट दिसत नाही. दुसऱ्याच्या घरी पावरी बोलतात. धड्यातील निम्मे शब्द त्याच्या कानांना परके आहेत. तिसरी मुलगी आईबापांबरोबर ऊसतोडीस गेली होती; दिवाळीनंतर झालेला अभ्यास तिने पाहिलेलाच नाही. चौथा मुलगा तोंडी हिशेब झटपट करतो, गोष्ट रंगवून सांगतो. पण कागदावरचे ‘ब’ आणि ‘व’, ‘घ’ आणि ‘ध’ ह्यांची त्याच्या मनात सदैव गल्लत होते. हजेरीपटावर ही चौघे एकाच इयत्तेत आहेत, आणि वर्गाच्या बोलण्यात चौघांना नावही एकच आहे : ‘मठ्ठ’.

कारणे चार आणि नाव एक, ही ह्यातील खरी हानी होय. नाव एकदा चिकटले की कारणाचा शोध थांबतो. पुढे मुलालाही ते नाव खरे वाटू लागते. शाळा सोडणारे मूल एका दिवसात शाळा सोडीत नाही. पट काढून घेण्याच्या कितीतरी आधी ते वर्गात बसल्याबसल्याच शाळेबाहेर गेलेले असते. म्हणून सर्वांना एकच पाठ, एकाच वेळी, एकाच गतीने दिला म्हणजे सर्वांना समान शिक्षण मिळाले, हा समज प्रथम टाकून दिला पाहिजे. प्रत्येक मूल ज्या पायरीवर उभे आहे तेथून त्याला पुढची पायरी दाखविणे, हेच समान शिक्षण होय.

हा विचार नवा नाही. विशेष म्हणजे ज्या मुलांना समाजाने शिकण्यास अपात्र ठरविले होते, त्यांच्या शिक्षणातूनच तो उदयास आला. जंगलात एकाकी वाढलेल्या, बोलता न येणाऱ्या एका मुलाला शिकविण्याचा प्रयत्न फ्रान्समधील वैद्य इतार ह्यांनी केला आणि १८०१ साली त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. तो मुलगा बोलू लागला नाही; परंतु शिकविणाऱ्याने मुलाचे बारकाईने निरीक्षण करावे व त्यावरून पुढील पाठ ठरवावा, ही दिशा त्या प्रयत्नातून मिळाली. सेगँ ह्यांनी तीच दिशा पुढे नेऊन स्पर्श, हालचाल व वस्तू ह्यांच्या आधारे शिकविण्याची पद्धती बसविली. इटलीतील डॉक्टर मारिया माँटेसरी ह्यांनी ह्या दोघांच्या ग्रंथांचा अभ्यास केला आणि त्या काळी ‘मंदबुद्धी’ म्हणून बाजूस सारलेल्या मुलांना रोम शहरी वाचन-लेखन शिकविले. त्यांच्या मनात मग उलटा प्रश्न उभा राहिला : ही मुले इतकी मजल मारू शकतात, तर सामान्य शाळांतील धडधाकट मुलांना मागे कोण ओढीत आहे? १९०७ साली त्यांनी रोमच्या सान लोरेन्झो ह्या गरीब कामगारांच्या वस्तीत बालगृह उघडले आणि ह्या प्रश्नाचे उत्तर शोधले.

भारतात गिजुभाई बधेका ह्यांनी १९२० साली भावनगर येथे बालमंदिर सुरू केले. त्यांच्यासमवेत काम केलेल्या ताराबाई मोडक ह्यांनी १९४५ साली हे शिक्षण शहरातून खेड्यात, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे आणले. तेथे अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. दलित वस्तीतील मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसताच त्यांनी बालवाडीच त्या वस्तीच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ ह्या शब्दामागे हा अनुभव आहे. गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येऊ शकत नव्हती, तेव्हा शिक्षक कुरणात गेले आणि कुरणशाळा निर्माण झाली. महागडी साधने परवडणारी नव्हती, म्हणून शंखशिंपले, खडे, बिया व पाने हीच साधने झाली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर हे कार्य वाढले. मूल शाळेच्या वेळेत, जागेत व रीतीत बसत नसेल, तर आधी शाळेने आपली वेळ, जागा व रीत तपासावी, हा ह्या कार्याचा धडा आहे.

आता आरंभीच्या चार मुलांकडे वळू. शिक्षकाचे पहिले काम कारण शोधणे हे होय. मूल डोळे बारीक करून फळ्याकडे पाहते काय, मागून हाक मारल्यास ओ देते काय, हे पाहावे. शंका येताच त्याला पुढच्या रांगेत बसवावे व आरोग्य तपासणीत डोळे-कान दाखवावेत. एका चष्म्याने दोन वर्षांचे ‘मठ्ठपण’ गेल्याची उदाहरणे अनेक शाळांत सापडतील.

घरची बोली वेगळी असलेल्या मुलास तिच्यात बोलू द्यावे. तो वस्तूचे नाव आपल्या बोलीत सांगेल. शिक्षकाने ते फळ्यावर देवनागरीत लिहावे आणि शेजारी मराठी शब्द लिहावा. मुलाची बोली ही चूक नव्हे. ती त्याची पहिली पायरी आहे. ऊसतोडीहून परतलेल्या मुलीस चालू धड्यात ढकलू नये. तिला काय येते हे दहा मिनिटांत तोंडी पाहावे आणि राहिलेल्या भागांपैकी ज्यावाचून पुढचे समजणार नाही, तेवढाच भाग आधी घ्यावा.

चौथ्या मुलासंबंधी अधिक सावधपणा हवा. बुद्धी चांगली, दृष्टी-श्रवण निर्दोष, शिकवणी नियमित, आणि तरीही वाचन-लेखनात सतत अडथळा, अशी स्थिती असल्यास ती अध्ययन-अक्षमता असू शकते. तिचे निदान करणे शिक्षकाचे काम नव्हे. आपली निरीक्षणे लिहून ती गटसाधन केंद्रातील विशेष शिक्षकांपुढे ठेवावीत. पण निदान होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. एका वेळी एकच अक्षर घ्यावे. ते मोठे काढून त्यावर बोट फिरवावे, वाळूत गिरवावे आणि गिरवताना त्याचा उच्चार मोठ्याने करावा. दिसण्यात सारखी अक्षरे एकाच दिवशी शिकवू नयेत. सर्वांदेखत त्याला वाचावयास उभे करू नये; धड्यावरील प्रश्नांची उत्तरे मात्र तोंडी अवश्य घ्यावीत, म्हणजे त्याचे ज्ञान आणि त्याचा मान दोन्ही राखले जातील.

चूक ही देखील शिक्षकाला वाट दाखविते. ५२ मधून २७ वजा करताना मुलाने ३५ असे उत्तर लिहिले, तर ते केवळ चूक म्हणून खोडू नये. त्याने ७ मधून २ व ५ मधून २ वजा केले आहेत. म्हणजे वजाबाकी त्याला येते, दशक सुटा करणे येत नाही. दहा-दहा काड्यांच्या पाच जुड्या व दोन सुट्या काड्या त्याच्यापुढे ठेवाव्यात. सात काड्या देता येत नाहीत हे पाहून तो एक जुडी आपणच सोडील. पन्नास उदाहरणे पुन्हा करावयास लावण्यापेक्षा ही एक जुडी सोडणे अधिक मोलाचे आहे.

एका शिक्षकाकडे दोन इयत्ता आणि चाळीस मुले असताना हे कसे साधावे, ही अडचण खरी आहे. परंतु चाळीस मुलांसाठी चाळीस पाठ करावे लागत नाहीत. वाचनाच्या पायरीनुसार तीन-चार गट पडतात. एक गट शब्दपट्ट्या जुळवीत असता, दुसरा जोडीने वाचीत असता, शिक्षकाला तिसऱ्याजवळ पंधरा मिनिटे बसता येते. हे गट कायमचे नसावेत. मूल पुढे गेले की त्याचा गट बदलावा, नाहीतर गटाचे नाव हेच नवे ‘मठ्ठ’ होऊन बसेल. प्रत्येक मुलासाठी वहीचे एक पान राखावे आणि आज त्याला काय आले व उद्या काय द्यावयाचे, एवढ्या दोनच ओळी आठवड्यातून एकदा लिहाव्यात.

कायद्याचीही अपेक्षा हीच आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. प्रत्येक बालकाची शिकण्याची क्षमता अजमावून त्यानुसार जरूर ते जादा शिक्षण देणे, हे त्यात शिक्षकाचे कर्तव्य म्हणून सांगितले आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्याने विशिष्ट अध्ययन-अक्षमतेचाही दिव्यांगत्वात समावेश केला आहे. तेव्हा अशा मुलाकडे लक्ष पुरविणे ही शिक्षकाची कृपा नव्हे, तो मुलाचा हक्क आहे.

वर्षअखेरीस ह्या मुलांची तुलना वर्गातील पहिल्या क्रमांकाशी करू नये. वहीतील प्रत्येकाचे वर्षारंभीचे पान आणि शेवटचे पान शेजारी शेजारी ठेवावे, आणि ती दोन्ही पाने त्या मुलाला व त्याच्या आईबापांना दाखवावीत. आपल्यालाही येते, हे मुलाने आपल्या डोळ्यांनी पाहिले, म्हणजे पुढील वर्षी ते शाळेत येईल.