अठरानंतर काय? स्वमग्न तरुण आणि शेतीकाम

विशेष शाळेत जाणाऱ्या मुलाला अठरा वर्षे पूर्ण झाली की पालकांपुढे प्रश्न उभा राहतो. शाळा संपली, कॉलेज जमत नाही, नोकरी कोण देणार? मग हा धडधाकट तरुण दिवसभर घरात बसून राहतो. झोप बिघडते, वजन वाढते, चिडचिड होते आणि पालक झोपेची गोळी मागायला दवाखान्यात येतात. काहींना औषध लागतेही. पण त्याच्या बरोबरीने लागते ते रोजचे काम.

स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, हा मेंदूच्या जडणघडणीतला फरक आहे. ते वेड नव्हे आणि कोणाची करणीही नव्हे. अशा व्यक्तीला संवाद साधणे, दुसऱ्याच्या मनातले ओळखणे अवघड जाते. अनेकांना गोंगाट सोसत नाही, ठरलेला क्रम मोडला की ती अस्वस्थ होतात. मात्र एकच काम पुन्हा पुन्हा, काटेकोरपणे करण्यात पुष्कळांना समाधान वाटते. शेतावर आणि रोपवाटिकेत अशी कामे भरपूर असतात. पिशव्यांत माती भरणे, रोपांना पाणी घालणे, कोंबड्यांना दाणे टाकणे, अंडी मोजून ठेवणे, वालाच्या शेंगा सोलणे.

अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली आणि ऑटिझम वैद्यकशास्त्राला ठाऊक झाला. त्यांतला पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिप्लेट. लहानपणी तो एका शेतकरी जोडप्याकडे राहत होता. त्याला मोजण्याचा नाद होता. त्या जोडप्याने नाद मोडला नाही, कामाला लावला. विहीर खणताना खोली मोजायला सांगितली, मक्याच्या ओळी नांगरता नांगरता मोजायला लावल्या. डॉ. कॅनर भेटीला गेले तेव्हा तो घोड्याचा नांगर नीट चालवत होता. पुढे त्याने पदवी घेतली, बँकेत नोकरी केली आणि २०२३ मध्ये वयाच्या ८९ व्या वर्षी त्याचे निधन झाले. प्रत्येकाची मजल एवढी जाणार नाही, पण आवडीला कामाची जोड देणे प्रत्येक घराला जमण्यासारखे आहे.

आपल्याकडे मुळशी तालुक्यात कोळवणला साधना व्हिलेज ही संस्था १९९४ पासून बौद्धिक अक्षम प्रौढांसाठी काम करते. पेणमध्ये सुहित जीवन ट्रस्ट आणि आई डे केअर या संस्था विशेष मुलांसाठी काम करतात. पेण-रोह्याच्या पालकांनी अशा ठिकाणी सल्ला घ्यावा. मुलांसाठी चालणाऱ्या एखाद्या संस्थेच्या शेतावर किंवा ओळखीच्या वाडीत स्वयंसेवक म्हणून सुरुवात करता येईल. मात्र पुढील काळजी घ्यावी.

१. सुरुवातीला रोज एकच तास, एकच काम आणि शिकवणारा माणूसही एकच असावा. कामाचा क्रम चित्रांनी दाखवावा. सहलीच्या मुलांचा गलका असेल तेव्हा बसायला शांत कोपरा द्यावा.

२. तहान, ऊन, दुखणे अनेकांना सांगता येत नाही. ठरल्या वेळी पाणी द्यावे, संध्याकाळी हातपाय तपासावेत.

३. विहीर, तळे, ओढा यांकडे एकट्याने जाऊ देऊ नये. फवारणीची औषधे कुलपात ठेवावीत.

४. काहींना फिट्स येतात. त्या तरुणपणीही सुरू होऊ शकतात. अशांना विळा-कोयता देऊ नये. गोळ्या चुकवू नयेत.

५. पावसाळ्यात चिखलात गमबूट घालावेत. पायाला जखम असेल तर उतरू नये. नंतर ताप आल्यास लेप्टोची शंका धरून लगेच डॉक्टरांना दाखवावे.

६. शांत मुलगा एकाएकी आरडाओरडा करू लागला, तर त्याला रागावण्याआधी दात, कान आणि पोट तपासून घ्यावे. कारण बहुधा साधेच असते: दातदुखी किंवा बद्धकोष्ठता.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वमग्नतेला दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत स्थान दिले आहे. त्याचे प्रमाणपत्र जरूर काढावे.

शेतमालकांनाही एक विनंती. शिकण्यापुरते स्वयंसेवक म्हणणे ठीक आहे. पण हा तरुण रोज मजुराइतके काम करू लागला, तर त्याला मजुरीही द्यावी. तो बोलत नाही, म्हणून त्याचे कष्ट फुकट ठरत नाहीत.